ओलं की कोरडं?

शर्यतीच्या रविवारी फ्रँकोरशाँपहून फोन यायचा.
मी मास्ताच्या आमच्या घरात, खिडकीशी,
वय अकरा, मांडीवर हिरवी वही.
पिरॉनकाका पलीकडून एवढंच विचारत :
"मास्ता. ओलं की कोरडं?"

दोन शब्दांची नोकरी.
आणि आमच्या डोंगरात पावसाच्या किती तऱ्हा!
भुरभुर, रिपरिप, सर, झड,
आणि ते धुकं, जे गायींच्या पाठीवर येऊन बसतं,
पाऊस म्हणावं तर पडत नाही,
नाही म्हणावं तर सदरा भिजतो.
ते कुठल्या रकान्यात घालू?
"सिदोनी, गाड्या निघाल्यात, पोरी."
मग मी काहीतरी एक म्हणून टाकायची.

रस्ता शर्यतीचा नव्हताच मुळी.
सोमवार ते शनिवार त्यावरून दुधाचे कॅन जात,
टपालवाला, एखादी शवपेटी.
रविवारी भिंतींना पेंढ्या बांधायच्या,
कोंबड्या कोंडायच्या, की झाला सर्किट.
चौदा किलोमीटर. वर ऊन, खाली गारा,
आणि मधे आमच्या दोन घरांच्या फटीतून
ताशी पावणेतीनशेनं निघायचं.
आधी फडताळातल्या बश्या वाजत.
मग आवाज.
मग गाडी, तीही अर्धीच दिसायची.

त्या उतारावरचा लाल ओहोळ तुम्हाला ठाऊक असेल,
आता त्याचं नाव वळणाला दिलंय,
पोरं त्याची चित्रं पलंगावर डकवतात.
पाण्यात लोखंड आहे, म्हणून लाल, दुसरं काही नाही.
माझे आजोबा त्याला सरहद्दच म्हणत :
अलीकडे बेल्जियम, पलीकडे कैसर,
मालमेदीचं लोणी आणायचं तर टोपीखाली.
युद्ध संपलं, सरहद्द सरकली,
ओहोळ तिथंच राहिला.
पहिल्या गाड्या जुन्या जकातनाक्याला वळसा घालून जात.
पुढे तो वळसाही काढला, चढ थेट आभाळात नेला.
"वेगाला जकात माफ," आजोबा म्हणाले, आणि थुंकले.

त्या जूनमध्ये मी "कोरडं" म्हणाले.
होतंच कोरडं.
रिसीव्हर ठेवला आणि काचेवर टपोरा थेंब,
दुसरा,
आणि मग बश्या. या वेळी पडल्याच.

तो मागच्या दारानं आला.
सरपणाची खोप त्यानं आमच्या बागेत आणून ठेवली होती.
एका पायात बूट नाही, केसांत भुसा.
टोर्बेन नाव सांगितलं, डेन्मार्कचा.
आईनं कॉफी दिली.
त्यानं फोन पाहिला, वही पाहिली, मला पाहिलं.
"पाटीवर होतं, मास्ता कोरडं."
"होतं," मी म्हणाले.
त्यानं मान हलवली. खूप वेळ.
चमचा हातात ठरेना,
तेव्हा आईनंच साखर ढवळून दिली,
लहान मुलाला देतात तशी.

सगळे आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचले नाहीत.
त्यांच्याबद्दल वहीत फक्त वेळ आहे
आणि त्या दोनातला एक शब्द.
नंतर चालकच म्हणाले, इथे नको.
सर्किट निम्म्यावर आणलं, आमचा हात कापून टाकला,
एक माणूस येऊन फोनची तार गुंडाळून घेऊन गेला.
मी त्याला वही दिली नाही.

आता रस्ता सरळसाधा आहे, शाळेची बस जाते.
मधूनच कुणी परदेशी गाडी थांबवतो,
वळणावर उकिडवा बसतो, डांबरावर तळहात ठेवतो,
आजारी गुरावर ठेवावा तसा.
मी पडद्याआडून पाहते. बोलवत नाही.
वारा तिकडून असला की टेकडीपलीकडची इंजिनं ऐकू येतात,
डासासारखी. बश्या वाजत नाहीत.

वही तिसरी चालू आहे.
आजची नोंद : दुपारी दोन. स्टाव्हलोच्या अंगाला ढग.
धुणं आत घेतलं.
रस्ता अजून कोरडा.